जर्मनीत ओ-पेअर आहे, होस्ट फॅमिलीचा मुलगा अभ्यासाला बसतच नाही, काय करू?

कोथरूड_ते_बव्हेरिया

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितीये. पोस्ट मोठी होणार, आधीच सांगते.

मी २३ वर्षांची, पुण्याची. बीएस्सी मॅथ्स झालंय, मॅक्सम्युलर भवनला जर्मनची बी-वन लेव्हल केली आणि सप्टेंबरमध्ये ओ-पेअर म्हणून, म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, जर्मनीत आले. म्युनिकच्या बाहेर, एस-बानने, म्हणजे लोकलने, पाऊण तास लागतो असं गाव. घरात आई, बाबा, पाच वर्षांची मुलगी, आणि साडेनऊ वर्षांचा मुलगा. त्याला आपण फ म्हणू. बाबा सोमवार ते गुरुवार बाहेरगावी असतात, आई घरून काम करते पण दार बंद करून.

मुलगी गोड आहे, तिचा काहीच प्रश्न नाही. प्रश्न फचा आहे. तो चौथीत आहे आणि इथे बव्हेरिया राज्यात चौथी म्हणजे आपल्याकडच्या दहावीसारखं टेन्शन घेतात लोक, कारण चौथीच्या मार्कांवर पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते ठरतं. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली तेव्हा आईने दोनदा विचारलं होतं की तू गणित शिकलीयेस ना, भारतात गणित खूप चांगलं असतं ना, मला वाटलं कौतुकाने विचारतीये. आता कळतंय कशासाठी ते. रोज दुपारी शाळेतून आला की जेवण, मग माझ्याबरोबर दीड-दोन तास गणित. गेल्या महिन्यापासून शनिवारीसुद्धा.

आणि तो बसत नाही हो! टेबलाखाली जाऊन बसतो, टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावतो, परवा वर्कशीटचे तुकडे करून माझ्या चहात टाकले. मी काही समजावायला लागले की माझं जर्मन सुधारतो, नामाआधी लावायचे लिंगाचे शब्द चुकले की "डेअर नाही, दास", आणि मग गणित राहतं बाजूला. भागाकार मी आपल्या पद्धतीने मांडला, म्हणजे भाजक डावीकडे आणि उत्तर वर, तर ओरडायलाच लागला की असं नसतंच, तुला येतच नाही. तू माझी टीचर नाहीस, आई पण नाहीस, हे तर रोजचंच. एकदा पेन्सिल फेकून मारली, लागली नाही पण मारली.

मागच्या आठवड्यात गणिताच्या टेस्टमध्ये, इथे प्रोबे म्हणतात, त्याला ४ मिळाले. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास, त्यामुळे ४ म्हणजे जेमतेम. तर आई रात्री ब्रेड खाताना मला म्हणते, तुम्ही नेमकं काय प्रॅक्टिस केलं होतं? त्याला नाही, मला विचारलं. मी गप्प बसले आणि खोलीत येऊन रडले.

आईला, म्हणजे माझ्या आईला, फोन केला तर ती म्हणते अगं ॲडजस्ट कर, परक्या घरात राहायचं म्हणजे असं होणारच. बाबा म्हणतात परत ये. मला परत यायचं नाहीये, मला पुढे इथेच काहीतरी करायचंय. तर या मुलाशी कसं वागू, हे शिकवायचं काम मी नाकारू शकते का, आणि फॅमिली बदलायची वेळ आली तर व्हिसाचं काय होतं, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

एल्बेकाठची_माई

अगं पहिलं म्हणजे शांत हो. मी हॅम्बुर्गला ओ-पेअर होते, मग एक वर्ष एफएसजे, म्हणजे समाजसेवेचं वर्ष केलं, आता नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत घ्यायचं ट्रेनिंग, चालू आहे, त्यामुळे हे सगळं बघितलंय.

नियम ऐक, कारण तुझ्या पोस्टमध्ये तासांचा हिशोबच नाहीये. ओ-पेअरचं काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, दिवसाला ६. त्यात रात्री मुलांजवळ बसणं पण धरतात, "तू काय नुसती घरातच होतीस" असं चालत नाही. आठवड्याला दीड दिवस सलग सुट्टी, महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण मोकळा, आठवड्यात चार संध्याकाळी तुझ्या स्वतःच्या. पॉकेटमनी २८० युरो, आणि जर्मन क्लाससाठी ते महिन्याला ७० युरो वेगळे देतात. वर्षभर राहिलीस तर चार आठवडे पगारी रजा. हे काही त्यांच्या मर्जीवर नाहीये, तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असणार, काढून वाच. आणि तू क्लासला जातेस का? एक ओळ पण नाही त्याबद्दल.

शिकवण्याबद्दल: मुलाला होमवर्कला मदत करणं ओ-पेअरच्या कामात येतं. पण रोज दोन तास एका विषयाची ट्यूशन आणि त्याच्या मार्कांची जबाबदारी, हे येत नाही. ओ-पेअर म्हणजे मुलं सांभाळणं आणि हलकं घरकाम, शिक्षिका म्हणून तुला आणलेलं नाही.

आजपासून वहीत रोजचे तास लिहून ठेव. किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, काय केलं. भांडायला नाही, बोलायची वेळ आली की हातात काहीतरी पाहिजे म्हणून. नुसतं "मला खूप काम पडतं" म्हटलं तर जर्मन माणूस विचारतो किती, आणि आपल्याला आकडा सांगता येत नाही.

अण्णा_नाशिककर

ताई, कायदे वगैरे ठीक आहेत. मूळ मुद्दा शिस्तीचा आहे. दहा वर्षांचं पोरगं पेन्सिल फेकून मारतं आणि घरातले बघत बसतात. एक धपाटा पाठीत दिला असता पहिल्याच दिवशी तर आज ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती. आम्ही असेच शिकलो, काही बिघडलं नाही आमचं.

म्युनिकची_आई

अण्णा, वडीलधारे आहात म्हणून नीट सांगते, कृपा करून असले सल्ले परदेशात राहणाऱ्या पोरींना देऊ नका. जर्मनीत २००० सालापासून कायद्यात लिहिलेलं आहे की मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा हक्क आहे, सख्ख्या आईबापांनासुद्धा हात उगारता येत नाही. ओ-पेअरने धपाटा मारला तर त्याच संध्याकाळी बॅग भरावी लागेल आणि ते प्रकरण तिथेच थांबेल याची पण खात्री नाही. कोथरूड, तू हे केलेलं नाहीस हे माहितीये मला, पण खांदा धरून ओढून टेबलापर्यंत आणणं वगैरे पण करू नकोस.

आता मुद्द्याचं. माझी मुलगी याच चक्रातून दोन वर्षांपूर्वी गेली म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या घरात नक्की काय चाललंय हे तुला कळलं तर बरंच ओझं कमी होईल.

बव्हेरियात चौथीच्या मुलांना मेच्या सुरुवातीला यूबरट्रिटचं, म्हणजे पुढच्या शाळेत जाण्याचं, प्रगतिपुस्तक मिळतं. त्यात जर्मन, गणित आणि हाएसऊ, म्हणजे आपलं परिसर अभ्यास, या तीन विषयांची सरासरी काढतात. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे मधली, त्याच्या पुढे मिटेलशूल, जिथून बहुतेक मुलं कामधंद्याच्या ट्रेनिंगकडे वळतात. सोप्या भाषेत, गिम्नाझियुमसाठी दोन विषयांत २ आणि एकात ३ चालतात. बास, एवढीच सूट. इथले लोक त्याला वैतागून ग्रुन्डशूलआबितूर म्हणतात, प्राथमिक शाळेतली बारावी! जानेवारीत पालकांच्या हातात आत्तापर्यंतच्या मार्कांचा कागद पडतो आणि त्याच्या आगेमागे घराघरात वातावरण तापतं. तुझ्या घरातली शनिवारची ट्यूशन कधी सुरू झाली ते आठव बरं.

हे सगळ्या जर्मनीत असं नसतं. बर्लिनला प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत आहे. माईच्या हॅम्बुर्गला शाळा शिफारस करते पण शेवटचा शब्द पालकांचा. इथे तसं नाही. त्यामुळे ती आई दुष्ट आहे असं मला वाटत नाही, घाबरलेली आहे. पण म्हणून तिने तिची भीती तुझ्या अंगावर टाकावी असं मुळीच नाही.

आणि त्या मुलाचा विचार कर. सकाळी आठपासून शाळा, घरी आला की जेवण, लगेच पुन्हा गणित, तेही एका अशा ताईकडून जी चार महिन्यांपूर्वी कुठून तरी आली आणि वर्षाने जाणार. वर्गातली निम्मी मुलं "तू कुठे जाणार" हेच बोलत असतात. तो टेबलाखाली नाही जाणार तर काय करणार.

मुलाचे आत्ताचे बाकी मार्क माहितीयेत का तुला?

कोथरूड_ते_बव्हेरिया

बापरे, एवढं कुणी मला या घरात सांगितलंच नव्हतं, थँक यू सो मच ताई. मार्कांचा कागद फ्रिजवरच लावलाय, गणित ४, जर्मन ३, हाएसऊ २. म्हणजे सरासरी ३ होते ना, आणि आईला गिम्नाझियुमच पाहिजे, बाबा म्हणतात रेआलशूल मिळालं तरी चालेल आणि त्यावरून त्यांची पण भांडणं होतात, मला सगळं कळत नाही पण तो शब्द ऐकू येतो.

माई, क्लासला जायचे, नोव्हेंबरपर्यंत. मग शनिवारचं हे सुरू झालं आणि माझा क्लास शनिवारी सकाळीच असायचा. तास मोजले आत्ता बसून, मागच्या आठवड्याचे ४१ भरले. लिहिताना मलाच धक्का बसला.

अण्णा, नाही हो, हात वगैरे नाही उचलणार कधी.

सातारचे_मास्तर

मी निवृत्त गणित शिक्षक. जर्मनीबद्दल मला काही माहिती नाही, पण चौथीची मुलं आयुष्यभर बघितली.

मला एकच विचारायचं आहे. त्या मुलाचं नेमकं काय चुकतं? "गणित ४" याने काही कळत नाही. टेस्टचा पेपर घरी येतो का? येत असेल तर घेऊन बस, मुलाला बोलावू नकोस, एकटीने बघ. कुठे मार्क गेले ते वेगवेगळं लिही. आकडेमोडीत गेले, मांडणीत गेले, पाढे चुकले, की शाब्दिक उदाहरणांत गेले. शिकवायचं काय ते ठरण्याआधी दोन तास शिकवणं म्हणजे वेळ वाया.

भागाकाराचं म्हणशील तर तो बरोबर आहे. त्याच्या वर्गात ज्या पद्धतीने मांडतात त्याच पद्धतीने मांडायला हवं. आपली पद्धत चूक नाही, पण चौथीतल्या मुलाला एकाच वेळी दोन मांडण्या दाखवल्या की तो दोन्ही विसरतो. आमच्याकडे सीबीएसईतून बदलून आलेल्या पोरांचं हेच व्हायचं.

एल्बेकाठची_माई

सर बरोबर बोलले. इथे ७३६ : ८ = ९२ असं एका ओळीत लिहितात, भागाकाराला दोन टिंबं आणि उत्तर बरोबरच्या पुढे, मग खाली पायऱ्या. दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, आपल्या बरोब्बर उलट. माझ्याकडच्या मुलीने एकदा माझ्या सामानाच्या यादीतलं १.५०० बघून विचारलं होतं की दीड हजार ग्रॅम की दीड ग्रॅम, आणि मला कळेचना ती काय विचारतीये.

दुबईकर_पक्या

मला एक समजत नाही, ट्यूशनचे वेगळे पैसे माग ना सरळ. इथे दुबईत एका तासाच्या होम ट्यूशनचे किती घेतात माहितीये का. २८० युरोत आया पण आणि ट्यूटर पण, मस्त स्कीम आहे त्यांची.

म्युनिकची_आई

पक्या, नको. ओ-पेअरच्या परवान्यावर वरून दुसरं पगारी काम करता येत नाही. पैसे घेतले की ती अडचणीत, फॅमिली पण अडचणीत. शिकवणीला इथे कॉलेजची मुलं मिळतात, तासाला साधारण २० युरोच्या आसपास घेतात, त्याला नाखहिल्फे म्हणतात, गावागावात असतात. ज्यांना गिम्नाझियुम हवंय त्यांनी तो खर्च करावा.

बेळगावची_मृण्मयी

मी शाळेत काउन्सेलर आहे, भारतात, त्यामुळे तिथल्या सिस्टीमबद्दल नाही बोलणार. पण एक सुचवू का, त्याला तुझं जर्मन सुधारायला आवडतं ना, मग त्याला दहा मिनिटं तुझा शिक्षक होऊ दे. आधी तो तुला शिकवेल, मग तू त्याला. मुलांना वरचढ व्हायला मिळालं की विरोध कमी होतो.

कोथरूड_ते_बव्हेरिया

मृण्मयीताई, हे केलं मी कालच. आता ऐका काय झालं. त्याने मला डिक्टेशन घातलं, लाल पेन आणलं, तपासलं, खाली ५ मार्क दिले आणि सही करायची जागा आखून म्हणाला आईकडून सही घेऊन ये. आणि रात्री जेवताना खरंच तो कागद त्याच्या आईसमोर ठेवला. त्याची आई हसली, मी पण हसले, पण तो नव्हता हसत. एकदम सिरियस होता. मला म्हणाला आता तुला आठवडाभर टीव्ही नाही.

सर, पेपर बघितला. तुम्ही म्हणालात तसं वेगवेगळं लिहिलं. गुणाकार भागाकार सगळे बरोबर, एकच चूक, ती पण ४७ चे ७४ केलेले. दहा लाखापर्यंतच्या संख्या, राउंडिंग, सगळं येतं. मार्क गेलेत ते सगळे शाब्दिक उदाहरणांत, जाखआउफगाबेन म्हणतात त्याला. इथे त्यात एफ, आर, ए असं लिहावं लागतं, म्हणजे प्रश्न, आकडेमोड, उत्तर. त्याने तीनपैकी दोन उदाहरणांना हातच लावला नाहीये. तिसऱ्या उदाहरणात जेवढे आकडे दिसले तेवढे सगळे घेऊन बेरीज केलीये.

आणि मी त्याच्याकडून गेले दोन महिने भागाकार करून घेतीये कारण आईने त्याच वर्कशीट्स प्रिंट करून ठेवल्यात.

सातारचे_मास्तर

मग तर स्पष्टच आहे. त्याला गणित येतं. त्याला वाचलेलं समजत नाही, किंवा तो वाचतच नाही. सगळे आकडे घेऊन बेरीज करणारं मूल हे उदाहरण न वाचणारं मूल असतं, माझ्या वर्गात दरवर्षी असायचं एखादं. जर्मन विषयातही ३ आहेत ना, बघ.

४७ चे ७४ होणं मात्र विशेष नाही. जर्मनमध्ये आधी एकक बोलतात म्हणे, आपल्यासारखंच, सत्तेचाळीस. ऐकून लिहिताना आधी सात लिहिला जातो. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" सुरू केलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मी स्वतः विरोधात होतो. कारण मात्र हेच होतं.

आता कटू बोलतो. जर्मन वाचून समजून घेणं ही जर त्याची अडचण असेल तर ती तू सोडवू शकत नाहीस. तुझं गणित कितीही चांगलं असो. त्याला तिथल्या भाषेत वाढलेला माणूस हवा.

एल्बेकाठची_माई

एक्झॅक्टली!! दोन महिने भारतीय मुलीला गणितासाठी बसवलं आणि पोराचं घोडं अडलंय जर्मनवर.

म्युनिकची_आई

सर, सलाम.

कोथरूड, आता हे तू त्याच्या आईला कसं सांगायचं ते महत्त्वाचं. "तुमच्या मुलाला वाचता येत नाही" असं एका बी-वन जर्मन असलेल्या ओ-पेअरने सांगितलं तर दार धाडकन बंद होईल. तू निदान करू नकोस. तू एवढंच म्हण की मी पेपर बघितला, आकडेमोड छान आहे, मार्क शाब्दिक उदाहरणांत जातात, त्यातलं जर्मन मी त्याला समजावू शकत नाही, तुम्ही वर्गशिक्षिकेला विचाराल का. इथे शिक्षकांचा भेटीचा तास ठरलेला असतो, श्प्रेखश्टुंडे, त्यात पालकांनी जायचं. तू जायचं नाही, कुणी पाठवलं तरी. वाचनाचा खरंच प्रॉब्लेम असेल तर शाळेला जोडलेले मानसशास्त्रज्ञ असतात, त्यांना पैसे पडत नाहीत, पण विचारायचं पालकांनीच.

आणि त्यांना हेही कुणीतरी सांगायला हवं, तू नाही, शिक्षिकाच सांगेल, की मेमध्ये सरासरी नाही बसली तर गिम्नाझियुममध्ये तीन दिवसांचा प्रोबेउंटररिष्ट, म्हणजे परीक्षेसारखे चाचणी वर्ग, असतो, जर्मन आणि गणिताचा, तो देता येतो. आणि रेआलशूलमधून पुढे एफओएस, म्हणजे अकरावी-बारावीची वेगळी शाळा, करून युनिव्हर्सिटीत जाणारी ढीगभर मुलं आहेत, माझ्या ऑफिसात दोघं आहेत, एक तर माझा बॉस. जानेवारीत कुठल्याच आईला हे पटत नाही. मला पण पटत नव्हतं.

बोलायचं कधी, तर बाबा घरी असताना. शुक्रवारी संध्याकाळी किंवा रविवारी. मुलं झोपल्यावर. "मला तुमच्याशी आठवड्याच्या प्लॅनबद्दल बोलायचंय" असं आदल्या दिवशी सांगून ठेव, जर्मन लोकांना वेळ ठरवून बोलणं आवडतं, स्वयंपाकघरात अचानक विषय काढलास की ते बिथरतात. एका कागदावर आठवड्याचं वेळापत्रक लिहून ने, ३० तासांत बसणारं, त्यात होमवर्कला अर्धा तास आणि तुझा शनिवारचा क्लास परत. तास लिहिलेली वही शेजारी ठेव पण आधी उघडू नकोस.

अण्णा_नाशिककर

धपाट्याचं मागे घेतो. पण रडून खोलीत बसू नकोस पोरी, तोंड उघड.

कोथरूड_ते_बव्हेरिया

हो अण्णा 🙂

व्हिसाचं पण कुणी सांगा ना, जर बोलून काहीच झालं नाही तर?

एल्बेकाठची_माई

फॅमिली बदलता येते. कॉन्ट्रॅक्टमध्ये नोटीस पिरियड बघ, बहुतेक ठिकाणी दोन आठवडे असतो. पण आधी दुसरी फॅमिली शोध, मग नोटीस दे, कारण राहायला जागा यांच्याच घरात आहे ना. नवीन कॉन्ट्रॅक्ट घेऊन परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, आउसलेंडरबेहोर्डेत, जायचं, त्यांना न सांगता परस्पर बदलायचं नाही. एकूण मुदत एकच वर्ष, नव्या फॅमिलीकडे नवीन वर्ष सुरू होत नाही, उरलेलेच महिने मिळतात. आणि ओ-पेअर एकदाच करता येतं, त्यामुळे भावनेच्या भरात सोडून भारतात गेलीस तर परत हाच व्हिसा नाही.

एजन्सीतून आली असशील तर आधी एजन्सीला मेल कर, फोन नको, मेल. नेटवरून स्वतः फॅमिली शोधली असशील तर इन विया आणि व्हीआयजे या संस्था ओ-पेअरना सल्ला देतात, एक कॅथलिक आहे एक प्रोटेस्टंट, पण धर्म वगैरे कुणी विचारत नाही, माझ्या एका मैत्रिणीला त्यांनी खूप मदत केली.

आणि पुढे इथेच राहायचं असेल तर तो बी-टू, म्हणजे बी-वनच्या पुढचा, कोर्स सोडू नकोस गं बाई. आउसबिल्डुंग असो, एफएसजे असो, सगळं भाषेवर आहे. तुझ्या शनिवारवर तुझं पुढचं सगळं अवलंबून आहे आणि तो त्यांनी भागाकारात घालवला.

बेळगावची_मृण्मयी

त्या लाल पेनाच्या कागदाबद्दल विचार करत होते. पाच मार्क, सही आणि टीव्ही बंद. त्याने तुझ्याशी तेच केलं जे त्याच्याशी होतं. माझा सल्ला फसला असं समज, पण तो कागद जपून ठेव, आणि जमलं तर त्याच्या बाबांना दाखव.

कोथरूड_ते_बव्हेरिया

अपडेट देते, उशीर झाला, सॉरी.

रविवारी बोलले. सगळं ताईने सांगितलं तसं, आदल्या दिवशी सांगून, कागदावर वेळापत्रक घेऊन. माझा आवाज कापत होता आणि डेअर-दी-दासचा पार खिचडा झाला पण बोलले. आईचा चेहरा आधी एकदम कडक झाला, म्हणाली आम्ही तुला कुटुंबातली समजतो आणि तू तास मोजतेस? यावर काय बोलायचं ते मला येत नव्हतं. तर बाबा म्हणाले, वही दाखव. ४१ बघून दोघं गप्प. बाबांनी ते २८० आणि ३० तासांचं सगळं त्यांच्या फोनवर स्वतः शोधून वाचलं, मोठ्याने, आईला ते बिलकूल आवडलं नाही.

मग तो लाल पेनाचा कागद दाखवला. बाबांनी बराच वेळ धरून ठेवला, काही बोलले नाहीत.

ठरलं असं की रोज अर्धा तास होमवर्कला बसायचं, त्याने विचारलं तर सांगायचं, नाही तर नुसतं शेजारी बसायचं. शनिवार बंद, माझा क्लास पुढच्या आठवड्यापासून परत. मंगळवारी एक कॉलेजची मुलगी येणार आहे जर्मनसाठी. वर्गशिक्षिकेची वेळ घेतलीये, आईबाबा दोघं जाणार आहेत.

आईशी अजून सरळ नाहीये, हो-नाहीपुरतं बोलते, आणि चीजच्या डब्यावर आता नावं लिहायला लागलीये 😐 त्यामुळे मी एजन्सीला मेल करून ठेवलाय, दुसरी फॅमिली हवीये असं नाही, पण परिस्थिती अशी आहे असं. फ कालपर्यंत तसाच होता, आज मात्र टॉयलेटमध्ये नाही गेला. टेबलाखाली गेला पण वही घेऊन गेला आणि तिथेच बसून केलं. मी काही म्हटलं नाही, मी पण खाली बसले. पाय फार आखडतात.

सर, तुम्ही विचाराल म्हणून आजचं एक उदाहरण मराठीत करून टाकते. "एक कुटुंब सकाळी ८.१५ ला गाडीने तळ्याकडे निघालं. तळं १८६ किलोमीटरवर आहे. वाटेत ते ३५ मिनिटं थांबले. पार्किंगला १४ युरो पडले. ११.२० ला पोचले. गाडी प्रत्यक्ष किती वेळ चालत होती?" फने १८६, ३५ आणि १४ ची बेरीज केली.

सातारचे_मास्तर

चांगलं उदाहरण आहे. त्याला आकडे खोडायला सांग. प्रश्न वाचायचा आणि जे आकडे लागत नाहीत ते पेन्सिलने खोडायचे, सोडवायचं नाही. आठवडाभर फक्त खोडणं. खोडायला मुलांना आवडतं. आणि हे तू टेबलाखालीही करू शकतेस.

अण्णा_नाशिककर

३ तास ५ मिनिटं. तोंडी केलं, कागद लागला नाही.

दुबईकर_पक्या

अण्णा, ती ३५ मिनिटं थांबले ते कुठे गेलं? अडीच तास येतं.

अण्णा_नाशिककर

नाशकात रिक्षा थांबली तरी मीटर चालूच असतो.